रथाच्या वाटेवरची केबल

आमच्या सरांना कुणी 'वायरिंगवाले' म्हटलं की ते खुशीत मान हलवायचे. 'इंजिनिअर साहेब' म्हटलं की सावध होऊन विचारायचे, "काय बिघडलंय?"

बेळगावात त्यांचं ऑफिस म्हणजे एका औषधाच्या दुकानावरची लांबट खोली. पाटी नव्हती. जिन्याच्या भिंतीवर खडूनं एक बाण काढलेला असायचा. घरमालकानं भिंत रंगवली की सर स्वतः खडू घेऊन पुन्हा बाण काढायचे. पाटी का लावत नाही म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "ज्याचं नेटवर्क बंद पडलंय तो हुडकत येतोच. ज्याचं चालू आहे त्याला कशाला बोलवायचं?" धंदा करायची ही काय तऱ्हा, असं मला वाटलं. अजूनही वाटतं. पण त्या बाणाच्या मागं मी चढले म्हणून आज चार माणसांत ताठ उभी राहते, हेही तितकंच खरं.

मी बेळगावजवळच्या कंग्राळी गावची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, आणि हे सांगताना मला लाजही वाटत नाही आणि उगाच नम्रही व्हावंसं वाटत नाही. आप्पा, म्हणजे माझे वडील, भाजी घेऊन मार्केटात जात. तिथं भेटेल त्याला सांगत, "आमची पोरगी कंप्युटरला हाय." कंप्युटरला आहे म्हणजे नक्की कुठं आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. पहिले काही महिने मलाही नव्हतं, कारण सरांनी मला कॉम्प्युटरला हातच लावू दिला नाही.

मुलाखतीला गेले तेव्हा सर्टिफिकेटांची फाईल छातीशी धरली होती. त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही.

"तुमच्या गल्लीत पाणी कुठनं येतं?"

मला वाटलं, चेष्टा चाललीय. तरी सांगितलं की टाकीवरून मोठा पाइप येतो, त्याला गल्लीगल्लीचे फाटे आहेत.

"मोठा पाइप फुटला तर?"

"मग बावीवर जायचं."

"बाव कुणाची?"

"आमच्या चुलत्याची."

"चुलत्याशी भांडण झालं तर?"

"भांडण हायच की सर. तरीबी पाणी देत्यात."

ते एवढ्या मोठ्यानं हसले की खालून दुकानदारानं वर मान करून विचारलं, काय झालं म्हणून. "सोमवारपासून ये," सर म्हणाले. "बाकीच्यांना पाइप ठाऊक असतो. तुला चुलता ठाऊक आहे."

आमच्या धंद्यात बॅकबोन म्हणतात ती म्हणजे हा मोठा पाइप. प्रत्येक इमारतीतले कॉम्प्युटर त्या त्या इमारतीच्या स्विचला, म्हणजे जोडणीच्या पेटीला, जोडलेले असतात. त्या सगळ्या स्विचना एकमेकांशी बांधणारी जी जाड वाट, ती बॅकबोन. ती कशाची करायची, कुठून न्यायची, कुठं वळवायची आणि तुटली तर दुसरी कुठून यायची, हे ठरवणं म्हणजे डिझाईन. केबल ओढणारे पुष्कळ मिळतात. डिझाईन करणारा माणूस वेगळा असतो. मला तो माणूस व्हायचं होतं. सगळं याच्यावरच अडलं होतं, कारण सर डिझाईन दुसऱ्या कुणाला करू देत नसत. माझ्या आधीपासून तिथं असलेले दोघं याच कारणानं पुण्याला निघून गेलते.

सर्व्हेला जायचं म्हणजे चालायला जायचं. नकाशा बघायचा नाही, मोबाईलवरचा तर नाहीच. सुरुवात शेवटच्या कॉम्प्युटरपासून. जो सगळ्यात लांब, सगळ्यात अडगळीत, बहुतेक वेळा स्टोअर-कीपरचा किंवा वॉर्डाच्या कोपऱ्यातल्या सिस्टरचा, त्याच्याजवळ बसून सर आपला डबा सोडायचे आणि तिथंच जेवायचे. संस्थेच्या लोकांनी अध्यक्षांच्या खोलीत पानं मांडलेली असली तरी सर इथं भाकरी मोडत बसलेले. जेवता जेवता विचारायचे, "तुम्हाला दिवसात सगळ्यात जास्त कुणाशी बोलायला लागतं?" सिस्टर म्हणायची, लॅबशी. स्टोअर-कीपर म्हणायचा, कुणाशीच नाही, पण अकाउंटवाल्यांशी भांडायला लागतं. सर ते मनात ठेवायचे. जिथं बोलणं जास्त तिथं वाट जाड, एवढं साधं गणित. मी मात्र तेव्हा चप्पल तुटल्याच्या दुःखात असायची.

अध्यक्ष मंडळींशी त्यांचं हमखास वाजायचं ते मुख्य स्विचच्या जागेवरून. प्रत्येक अध्यक्षाला तो आपल्या खोलीशेजारी, काचेच्या कपाटात, निळे दिवे लुकलुकताना पाहिजे असतो. पाहुणा आला की दाखवायला. एका अध्यक्षांनी फारच धरून बसल्यावर सर म्हणाले, "साहेब, तुमच्या पाठीचा कणा दिसतो काय?"

"म्हणजे?"

"बाहेरून दिसायला लागला की माणूस वाळला म्हणायचं. लोक दवाखान्यात न्या म्हणतात."

ते काम गेलं. परत येताना स्कूटरवर सर पूर्ण रस्ताभर गुणगुणत होते. मी मागं बसून जळफळत होते.

विकणाऱ्या कंपन्यांची माणसं सणाला कुंद्याचे, म्हणजे बेळगावच्या खव्याच्या मिठाईचे, डबे घेऊन यायची. सर डबा घ्यायचे, हसून आभार मानायचे, आणि तो तसाच्या तसा दुसऱ्या कंपनीच्या माणसाकडं पाठवून द्यायचे. दुसऱ्याचा पहिल्याकडं. एका दिवाळीला दोघं एकाच वेळी जिन्यात भेटले आणि एकमेकांचे डबे ओळखले. त्या दिवसापासून दोघंही रिकाम्या हातानं यायला लागले आणि सरांना म्हणे खरी किंमत कळायला लागली. कुठल्या कंपनीचा माल घ्यायचा हे ते सगळ्यात शेवटी ठरवायचे. "आधी नवरी बघा, मग दागिने," म्हणायचे. ही उपमा मला आवडायची नाही आणि मी तसं सांगितलंही. "बरं, आधी शेत बघ, मग बैल घे," म्हणाले. तेव्हापासून तीच वापरली.

निपाणीच्या एका पतसंस्थेचं उद्घाटन मी जन्मात विसरणार नाही. मांडव, हार, तंबाखूचे मोठे व्यापारी पुढच्या खुर्च्यांवर. चेअरमन आण्णा फीत कापायला कात्री घेऊन उभे. सर पुढं झाले, आण्णांच्या हातातली कात्री काढून घेतली, त्यांना आतल्या खोलीत नेलं आणि एका पिवळ्या केबलवर त्यांचा हात ठेवला.

"ओढा."

"अहो, ही मेन हाय न्हवं?"

"मेनच आहे. ओढा."

"आणि बंद पडलं तर?"

"आज पडलं तर मी इथं आहे. उद्या पडल्यावर मला कुठं शोधत बसताय?"

आण्णांनी डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं आणि केबल उपटली. बाहेर काउंटरवर एक आजी पैसे भरत होती. तिच्या पावतीचं मशीन क्षणभर थांबलं आणि मग खरडत खरडत पावती बाहेर आली. कारण दुसरी वाट होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आजीला वाटलं आपल्यासाठीच. ती हात जोडून सगळ्यांना नमस्कार करत गेली. काम पुरं झालं की सर कानडीत "आयतु" म्हणायचे, झालं बाबा एकदाचं अशा सुरात. त्या दिवशी ते आण्णाच आधी म्हणाले.

सगळं गोड सांगते असं वाटायला नको. सर चिडके होते. 'छान' हा शब्द त्यांच्या तोंडातून मी कधी ऐकला नाही. एकदा मी केलेली फायबरची जोडणी भिंगातून बराच वेळ बघून ते फक्त म्हणाले, "हं. परत करायला लागणार नाही." मी घरी जाऊन ते माहेरी आलेल्या आक्काला, माझ्या थोरल्या बहिणीला, सांगितलं. ती म्हणाली, "ह्याला कौतुक म्हणत्यात व्हय गं? आमची सासूबी असंच म्हणतीय भाकरीला." पुण्याला गेलेल्या त्या दोघांचे फोन येत होते. इथं काय ठेवलंय, इकडं ये, इकडं निदान टेबलावर बसशील. मी मनाशी ठरवलं होतं की एक संधी बघायची. पुढच्या मोठ्या कामात सरांनी मला आराखड्याजवळ येऊ दिलं तर राहायचं, नाही तर जायचं.

ते मोठं काम आलं बेळगुंदीच्या बाजूच्या एका गावातून. तिथं एका ट्रस्टचा दवाखाना होता. गावातून जाणाऱ्या रस्त्याच्या एका बाजूला दवाखाना आणि नर्सिंग कॉलेज, दुसऱ्या बाजूला लॅब, औषधांचं कोठार आणि ऑफिस. रक्त इकडं काढायचं, तपासायचं तिकडं. रिपोर्टचे कागद घेऊन माणूस दिवसभर रस्ता ओलांडायचा. आता ते सगळं कॉम्प्युटरवरून व्हायचं होतं. काम आम्हाला मिळणं फार गरजेचं होतं. त्या वर्षी दुसरं मोठं काहीच नव्हतं, आणि खालच्या औषधवाल्याला आमची खोली गोडाऊनसाठी हवीच होती. येता-जाता तो मापं घेतल्यासारखा वर बघायचा.

ट्रस्टच्या खजिनदारांना गच्चीवर डिश बसवून हवेतून बॅकबोन करायची होती. खणायला नको, काही नको. सर त्यांना गच्चीवर घेऊन गेले आणि दोन गच्च्यांच्या मध्ये उभ्या असलेल्या फणसाकडं बोट दाखवलं.

"हा अजून वाढणार काय?"

"झाडच ते. वाढणारच."

"तोडणार काय?"

"छे छे. लई गरे देतोय."

"मग दोन पावसाळ्यांनी तुमचे रिपोर्ट गऱ्यातून जाणार. आणि पाऊस इथला. समोरची गच्ची तरी दिसते काय आषाढात?"

तर फायबर ठरली, तीही जमिनीखालून. मधे एक केंद्र धरून सगळ्या इमारती त्याला जोडायच्या, की साखळीसारखी एक इमारत दुसरीला जोडत शेवटी वर्तुळ पुरं करायचं, यावर सर बरेच दिवस घोटाळत होते. शेवटी वर्तुळ निवडलं, म्हणजे एका ठिकाणी तुटलं तर उलट्या बाजूनं फिरून येता येतं. फायबरच्या धाग्यांत जास्तीचे रिकामे धागे घालायला लावले. खजिनदार म्हणाले, हे कशाला? सर म्हणाले, "खणायचं एकदाच. तुमच्या बाळंतपणाच्या खोलीत आज जे रडतंय, ते इथं डॉक्टर होऊन येईल तेव्हा त्याला लागतील."

वर्तुळ रस्ता दोन ठिकाणी ओलांडत होतं. एकदा दवाखान्याच्या फाटकासमोर, एकदा लांब शाळेजवळ. दोन्ही ठिकाणी चर खणून पाइपातून. आराखडा सरांनीच काढला. मी कागदाच्या कडेला उभी होते, नेहमीसारखी. समितीला तो पसंत पडला होता. शेवटची बैठक तेवढी राहिली होती.

त्या आधी मापं पडताळायला मी एकटी गावात गेले. चहाच्या टपरीवर बसले, तर टपरीवाल्या मामानं विचारलं, "खणायला कधी येणार हाईसा?"

"मंजुरी आली की लगेच."

"मंगळवार-शुक्कीरवार सोडून या बरं का. वार पाळाय लागल्यात गावात."

आमच्याकडं गावची लक्ष्मीयात्रा जवळ आली की वार पाळतात. त्या दिवशी नांगर नाही, कुदळ नाही, मातीला हात नाही. या गावची यात्रा कित्येक वर्षांनी ठरली होती. आराखडा काढला तेव्हा तिची कुठं बोलणीही नव्हती. मी म्हटलं, ठीक आहे, दोन वार सोडू. चहा संपवला. आणि पेला खाली ठेवता ठेवता रथ आठवला.

माझ्या आईच्या माहेरची यात्रा मी शाळेत असताना बघितली होती. देवीचा लाकडी रथ म्हणजे घराच्या माडीहून उंच. चाकं माणसाएवढी, भक्कम लाकडाची. शेकडो माणसं दोर ओढतात, भंडाऱ्यानं सगळा रस्ता पिवळा होतो. त्या आधी गावचे पंच रथाची पूर्ण वाट चालून बघतात. वरच्या सगळ्या तारा उतरवतात. आणि रस्त्यात कुठं नवा चर बुजवलेला असेल तर तो पुन्हा उकरून दगड-मुरमानं ठेचून भरतात, कारण मऊ मातीत रथाचं चाक रुतणं म्हणजे गावावर बट्टा. मामाच्या गावात पाण्याच्या नव्या पाइपांचे तेव्हा तुकडे तुकडे झालते. कुणी हूं का चूं केलं नव्हतं. रथापुढं कुणाचं चालतं?

"मामा, रथ कुठनं जाणार?"

त्यानं हातानं दाखवलं. शाळेपासून, दवाखान्यावरनं, पुढं गदगेपर्यंत. गदगा म्हणजे देवी यात्रेत बसते तो चौथरा.

शाळा. दवाखान्याचं फाटक. सरांच्या दोन्ही वाटा एकाच रथाखाली.

ऑफिसात येऊन मी सांगितलं. सरांनी आराखड्यावर दोन्ही ठिकाणी बोट ठेवून बघितलं. मग उठले, चपला घातल्या, खाली गेले. खिडकीतून बघितलं तर रस्त्यापलीकडच्या गाड्यावर लिंबू सोडा पीत उभे. बराच वेळ उभे होते. मला वाटलं, आता माझी इथली नोकरीच संपली. वर आले, खुर्चीत बसले.

"म्हणजे मी दोन म्हणत होतो त्या दोन नाहीतच. एका कारणानं दोन्ही जाणार."

"व्हय सर."

"मी बेळगावात जन्मलो, अनगोळात वाढलो. यात्रेची जेवणं किती जेवलोय. आणि मला रथ दिसला नाही." ते स्वतःशीच बोलत होते. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "उपाय?"

"अजून काढला न्हाय."

"काढ की मग. मी काय ज्योतिषी आहे?"

एवढंच. आराखड्याचा कागद त्यांनी माझ्या बाजूला सरकवला आणि पेपर वाचायला घेतला. पेपर सकाळीच वाचून झालेला होता.

मी पुन्हा गावात गेले आणि त्यांच्यासारखीच शेवटच्या कॉम्प्युटरपासून निघाले. तो कोठारातल्या कंपाउंडरचा होता. त्याच्या मागच्या दारातून शेतात, शेताच्या बांधावरून खाली ओढ्याकडं. ओढा रस्त्याखालून जिथं जातो तिथं दगडी मोरी होती, गदगेच्या बरीच पलीकडं. रथ तिथवर जात नाही. मोरीच्या वरच्या अंगाला, पुराच्या खुणेच्या वर, पाइप बसवायला जागा होती. शाळेजवळचा चर रद्द करून दुसरी वाट इथनं न्यायची, म्हणजे इथं रस्ता खणायलाच नको. वाट लांब होती, पण रथाच्या वाटेत नव्हती; फाटकासमोरची यात्रेत काढावी लागली तरी ही राहणार. बांध एका म्हाताऱ्या आक्कांचा होता. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "न्ह्या की. दवाखान्याचं हाय न्हवं? फकस्त माझ्या चिंचंच्या मुळीला टोचू नका." मी शब्द दिला आणि चिंचेला वळसा घालून रेघ काढली.

बैठकीच्या दिवशी सकाळी सर म्हणाले, "चूक माझी, ती मी सांगणार. पुढचं तू सांगायचं."

"सर, चूक सांगायला कशाला पाहिजे? नवीन आराखडा जास्त चांगला म्हणून ठेवू या की."

"ज्याला चूक दडवायची असते तो नवीन चूकही दडवतो. आणि दवाखाना आहे तो, किराणा दुकान नाही." मग जरा थांबून, "काम गेलं तर जाऊ दे. खालचा गोडाऊन करील, बिचारा किती दिवस मापं घेतोय."

ट्रस्टचे अध्यक्ष बेळगावातले मुरलेले वकील होते. सर उभे राहिले आणि पहिल्याच वाक्याला म्हणाले, "मी तुम्हाला दिलेला आराखडा चुकीचा आहे." 

खजिनदार पुढं झुकले. "तुमचं तुम्हालाच कळेना, मग आम्ही कुणावर विसंबायचं? मी डिश म्हणतच होतो."

सर म्हणाले, "यात्रेदिवशी डिश चालेल. ते खरं आहे. पावसाळ्यात चालणार नाही. तेही खरं आहे. पुढचं आमच्या ह्या सांगतील."

मी उभी राहिले. गोष्ट माझ्या ओळखीची होती. रथ, चाकं, ठेचलेले चर, मोरी, बांध, सगळं सांगितलं. चिंच पण सांगितली. गावचे एक वयस्कर पंच समितीवर होते.  ते मिशीत हसले. "पोरगी बराबर बोलतीया. वाटंतलं समदं आमी काढणार. तुमची केबल असू दे न्हाय तर सरकारची."

वकील साहेबांनी मला उलटसुलट प्रश्न विचारले. मोरीत पूर आला तर? उंदीर? बांध विकला गेला तर? पहिल्या दोन्हींना उत्तर होतं. तिसऱ्याला नव्हतं. मी म्हटलं, "ते मला माहीत न्हाय. आक्कांशी लेखी करून घ्यायला पाहिजे. ते तुमचं काम हाय." कोपऱ्यातून सरांचा खोकला ऐकू आला. तो खोकला नव्हता.

वकील साहेब हसले नाहीत. सरांकडं बघून म्हणाले, "इतकी वर्षं वकिली केली, स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला आपण होऊन आलेला माणूस पहिल्यांदा बघतोय." त्यांनी काम आम्हाला दिलं. एक अट घातली. रथाच्या दिवशी मी तिथं हजर राहायचं, आणि त्या दिवशी दवाखान्याचं अडलं तर पुढच्या देखभालीचं काम दुसऱ्याला.

बाहेर आल्यावर सर म्हणाले, "ते तुमचं काम आहे म्हणालीस त्यांना."

"चुकलं काय?"

"स्कूटर काढ."

रथाच्या दिवशी मी सकाळीच दवाखान्याच्या तळमजल्यावरच्या खोलीत जाऊन बसले. फाटकासमोरचा चर पंचांनी आदल्या दिवशीच उकरून ठेचला होता. केबल आम्हीच काढून घेतलेली, त्यांच्या हातानं तुटण्यापेक्षा बरी. आता सगळं बांधावरून आणि मोरीतून येत होतं. गावातली वीज बंद, दोन्ही बाजूला जनरेटर. बाहेर हलग्या, शिंगं, "उदो उदो"चा कल्लोळ. रथ फाटकासमोर आला तेव्हा भिंतीला हात लावला तरी थरथर जाणवत होती. मी स्क्रीनवर एकेक इमारत पुन्हा पुन्हा तपासत होते.

तेवढ्यात वॉर्डातली सिस्टर धावत आली. "मॅडम, लवकर या!"

मी खुर्चीतून उठले. "काय झालं? रिपोर्ट येईना?"

"रिपोर्ट कवाच आलं. प्रिंटरात कागद अडकलाय. तेवढा काढून द्या, मला रथ बघायचाय."

मी कागद काढून दिला. ती गेली. मी तिथंच प्रिंटरला टेकून हसत राहिले, आणि मग थोडी रडलेही. दुपारी सर आले. पांढरा शर्ट, पांढरे केस, भुवया, सगळं भंडाऱ्यानं पिवळंजर्द. रथाचा दोर ओढून आलते. स्क्रीनकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"जेवलीस काय?"

"न्हाय."

"मग चल. आक्कांकडं बोलावलंय. चिंच कुणी वाचवली तिला घेऊन या म्हणाल्यात."

मला शिकवणारे मास्तर पुष्कळ भेटले. आपलं चुकलेलं माझ्या हातात देऊन, बाजूला होऊन, पेपर वाचल्यासारखं करणारा एकच. पुण्याला मी गेले नाही. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, उलट तिकडं गेलेल्यांपैकी एकजण आता माझ्याकडं कामाला आहे. सर आता अनगोळात घरीच असतात, पाय दुखतात म्हणून कुरकुरतात. आप्पांना मी नेमकं काय करते ते अजूनही सांगता येत नाही. पण त्या गावावरून गाडी गेली की शेजारच्याला म्हणतात, "ह्या दवाखान्यात आमच्या पोरीची वाट हाय."

पण मनात राहिलंय ते यात्रेनंतरच्या आठवड्यातलं. मी टेबलावर तारांचे तुकडे निवडत होते. निपाणीहून एका कारखान्याचा फोन आला. सरांनी उचलला, बराच वेळ हूं हूं केलं आणि मग म्हणाले, "त्याचं मला काय विचारताय? डिझाईन आमच्या मॅडम करतात."

मी मान वर केली. मॅडम कोण, असं मला खरंच क्षणभर वाटलं. सरांनी फोनवर हात धरला आणि माझ्याकडं वळून, जराही न हसता, विचारलं, "सर्व्हेला कधी जायचं?"

तोंडात आलं ते मी म्हणाले, "गुरुवारी."

सरांनी हात काढला. "मॅडम गुरुवार म्हणतात," ते फोनमध्ये म्हणाले.